मेंढरें, गवत आणि आपली वर्गणी

(दुष्काळ निवारण समितीच्या वर्गणीदारांच्या सभेंत केलेलें भाषण)



समितीच्या कामाचा वृत्तांत चिटणीसांनीं आपणांपुढें ठेविलाच आहे, व जमाखर्चही छापून आपल्या हातीं येईल. मला समितीनें एकाच प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं उभें केलें आहे. आपणांपैकीं कांहीं उदार दात्यांनीं वर्गणीबरोबर एक अट लिहून पाठविली आहे. "ही रक्कम गाईबैलांच्या चाऱ्यासाठींच खर्ची घालावी, शेळ्यामेंढ्यांसाठीं घालूं नये." एका गृहस्थांनीं त्याचें कारणही दिलें आहे. ज्या मेंढरांनीं डोंगर बोडके केले त्यांनाच चारा घालणें म्हणजे दुष्काळालाच पोसणें होय, असें ते म्हणतात.

दात्यानें अट घालावी हा त्याचा हक्क आहे, आणि समिती ती अट पाळील. परंतु अट घालण्यापूर्वीं दात्यास सर्व हकीकत माहीत असावी, एवढीच समितीची विनंती आहे. मी धंद्यानें वकील आहें. आरोप ऐकल्याबरोबर शिक्षा फर्मावणें ही आमची रीत नव्हे. आणि आरोपीचा कैवार घेऊन सारा आरोपच खोटा म्हणणें, हीही खरी रीत नव्हे. नुकसान काय झालें, त्यांत आरोपीचा वांटा किती, आणि त्या जागीं दुसरें कोणी हजर होतें कीं काय, हें क्रमानें पाहावें लागतें.

प्रथम नुकसान पाहूं. आपला बुलढाणा जिल्हा वाळवंट नाहीं. येथें वर्षाकाठीं सरासरीनें ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत काळी कसदार जमीन आहे. परंतु अजिंठ्याच्या रांगेवर आणि घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा व सिंदखेड राजा या तालुक्यांत उताराच्या जागीं मातीचा थर वीतभर, कोठें तर बोटभरच असतो; त्याखालीं नुसता मुरूम. ही वीतभर माती गवताच्या मुळांनीं धरून ठेविलेली आहे. मुळें सुटलीं कीं माती सुटली. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या करारास भारतानें १९९६ सालीं मान्यता दिली. त्या करारांत 'वाळवंटीकरण' या शब्दाचा अर्थ वाळूचे ढीग असा केलेला नाहीं; कोरड्या प्रदेशांतील जमिनीचा कस हवामानामुळें आणि माणसाच्या करणीमुळें नष्ट होणें, असा केला आहे. अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्रानें उपग्रहांच्या साहाय्यानें काढलेल्या नकाशांवरून, २०११ ते २०१३ या काळांत महाराष्ट्राच्या भूमीपैकीं शेंकडा सुमारें ४५ भाग असा ऱ्हास पावलेला होता; आणि पाण्यानें होणारी धूप हें त्याचें मुख्य कारण होतें. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं शासनानें राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपले बुलढाणा व लोणार हे दोन तालुके होते. अवर्षण हें ईश्वराधीन म्हटलें, तरी पडलेलें पाणी जमिनींत न जिरणें हें ईश्वराधीन नव्हे.

गवत जातें तें कसें, हेंही पाहिलें पाहिजे. पवन्या, मारवेल, डोंगरी हीं आपल्या माळांचीं उत्तम गवतें. तीं एका पावसाचीं नव्हेत. त्यांचे ठोंब वर्षानुवर्षें टिकतात. उन्हाळ्यांत पात वाळते, पण मूळ जिवंत असतें. मृगाचा पाऊस पडला म्हणजे मुळांत सांठविलेल्या शिदोरीवर नवा कोंब फुटतो. तो कोंब वाढून पात रुंद झाली म्हणजे ती मुळाला पुन्हां अन्न पोंचविते. परंतु कोंब वर येतांच दोनतीनदां खुडला गेला, तर शिदोरी संपते आणि ठोंब मरतो. मग त्या जागीं कुसळी माजते. तिचीं कुसळें पिकलीं म्हणजे मेंढरांच्या लोकरींत व कातड्यांत रुततात. कुसळीही हटली म्हणजे चार दिवसांचें खुरटें गवत, तरोटा, गाजरगवत व घाणेरी, आणि अखेरीस उघडा मुरूम. अशा जागीं पाऊस पूर्वींइतकाच पडला तरी तो नाल्यानें धांवत निघून जातो, आणि जातांना माती घेऊन जातो.

आतां आरोपी. घाटावरच्या वाड्यावस्त्यांवर राहणारे धनगर, त्यांतही हटकर मंडळी, हे आपल्या जिल्ह्यांतील जुने मेंढपाळ. त्यांची पूर्वींची रीत आपणांपैकीं वडीलधाऱ्यांस आठवत असेल. पावसाळ्यांत त्यांचा वाडा माळामाळांनीं हिंडे; चार दिवस येथें, चार दिवस तेथें. ज्वारी निघाल्यावर कळप घाटाखालीं उतरत. शेतकरी स्वतः बोलावून आपल्या शेतांत मेंढरें बसवीत; रात्रीच्या लेंड्यांचें खत शेतास मिळे आणि धान्य धनगरास मिळे. एकाच माळावर एकच कळप बारा महिने राहिला, असें क्वचितच होई.

हल्लीं यांतील पुष्कळ कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. घर बांधलें, मुलें शाळेंत घातलीं, शिधापत्रिका मिळाली, म्हातारीं माणसें घरीं राहूं लागलीं. यांत निंद्य कांहींच नाहीं. आपण आपल्या मुलांसाठीं हेंच केलें. परंतु घर स्थिर झालें तरी मेंढरांचें पोट हिंडतेंच राहतें. कळप सकाळीं निघतो आणि दिवस मावळतांना परत येतो. म्हणून घरापासून कोस दीड कोसाच्या वर्तुळांतच तो बाराही महिने चरतो. त्या वर्तुळांतील गवतास उसंत मिळत नाहीं. वस्तीजवळचा माळ आधीं उघडा पडतो आणि तो उघडेपणा वर्षावर्षाला बाहेर सरकतो. म्हणून आरोपांत तथ्य नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. स्थायिक कळपाखालीं माळ उजाड होतो, हें खरें आहे.

समितीच्या कामासाठीं मोताळा तालुक्याच्या डोंगरकडेला मी एका वस्तीवर गेलों होतों. तेथील एका वृद्ध मेंढपाळास मीं आपणां दात्यांचा हा आक्षेप जसाच्या तसा सांगितला. तो रागावला नाहीं. थोडा वेळ थांबून म्हणाला, "वकीलसाहेब, गवताचंबी बाळंतपन असते. पयला पानी पडल्यावर सव्वा महिना त्याले कोनी हात नाय लावला पायजे. हे आमाले ठाऊक नाय असं नाय. पन त्याच सव्वा महिन्यात मेंढराले खायाले घरात काडी नसते. सांगा, कोनाले मारू? गवताले का लेकराच्या तोंडातल्या घासाले?"

सभ्यहो, या उत्तरांत साऱ्या प्रकरणाचें मर्म आहे. मेंढी ही त्या कुटुंबाची पेढी आहे. लग्न, दुखणें, मुलाची फी, सारें त्या पेढींतून निघतें. दुष्काळ दिसूं लागला म्हणजे शहाणपण असें कीं अर्धा कळप वेळींच विकावा. परंतु त्या वेळीं सर्वच विकूं पाहतात, बाजारांत भाव पडतो, आणि अर्ध्या किमतींत पेढी मोडावयास कोणाचें मन धजत नाहीं. कळप तसाच ठेविला जातो. उन्हाळ्यांत तो बाभूळ, बोर व हिवर यांच्या छाटलेल्या फांद्यांवर जगतो, आणि पहिल्या पावसाबरोबर कोंवळ्या कोंबावर तुटून पडतो. माळ मरतो. पुढल्या वर्षीं चारा आणखी कमी. मेंढी जाऊन शेळी येते, कारण ती झुडुपावरही जगते. शेळीही सुटली म्हणजे घरांतलीं माणसें ऊसतोडीस जातात. गरिबीनें गवत जातें आणि गवत गेल्यानें गरिबी वाढते. हें चक्र कोठें तरी तोडावयाचें असेल, तर तें त्या सव्वा महिन्यांतच तोडतां येतें.

हा प्रकार केवळ आपल्याच जिल्ह्यांत घडतो असें नाहीं. मध्य आशियांतील एकाच जातीच्या गवताळ प्रदेशाची १९९८ सालीं उपग्रहांच्या छायाचित्रांवरून तुलना प्रसिद्ध झाली. मंगोलियांत मेंढपाळ हिंडते राहिले होते. तेथें सुमारें दहांश कुरणें खराब झालेलीं आढळलीं. चीनच्या ताब्यांतील भागांत कुटुंबांना जागच्या जागीं बसविलें होतें. तेथें तृतीयांशाहून अधिक. रशियाच्या भागांत मोठ्या स्थिर शेतसंस्था केल्या होत्या; तेथें सुमारें तीन चतुर्थांश. गवत तेंच, जनावरें तींच. फरक होता तो हिंडण्याच्या मोकळिकेचा. यावरून, दोष मेंढीच्या दातांत किती आणि तिच्या वाटा बंद होण्यांत किती, याचा आपण विचार करावा.

आतां मी तिसऱ्या मुद्द्याकडे वळतों. त्या जागीं दुसरें कोण हजर होतें? येथें मला थोडें अप्रिय बोलावें लागेल, आणि त्याचा आरंभ मी स्वतःपासून करतों.

इंग्रजी अमदानींत वऱ्हाडच्या रानांचे वर्ग पाडलेले होते. कांहीं रानें लाकूड व सरपण यांसाठीं, कांहीं 'रमणे' म्हणून गवत राखण्यासाठीं, आणि कांहीं चराईसाठीं. गांवच्या चराऊ जमिनीस आपल्याकडे 'ई-क्लास' म्हणतात. इतर महाराष्ट्रांत तिलाच गायरान म्हणतात. आज कित्येक गांवीं ही जमीन सातबाऱ्याच्या कागदावर आहे, पण पायाखालीं नाहीं. कोठें ती नांगरली गेली, कोठें तिच्यावर घरें उठलीं, कोठें खदान निघाली. अशीं अतिक्रमणें कायम व्हावींत म्हणून पक्षकारांच्या वतीनें मीं स्वतः अर्ज लिहिले आहेत. तेव्हां मला ती पडीक जमीन वाटे. कागदोपत्रींही ती 'पडीक'च असे. ती कोणाच्या तरी कळपाची चौथाई भाकर आहे, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

शिवाय ज्वारी गेली आणि सोयाबीन आलें. ज्वारीचा कडबा हा जनावरांचा आधार होता. सोयाबीनच्या कुटारास ती सर नाहीं. विहिरी झाल्या, रब्बीचें दुसरें पीक आलें. म्हणून धसकटांचीं मोकळीं शेतें उरलीं नाहींत, आणि कळपाची घाटाखालची वाट बंद झाली. बुलढाणा व खामगांव यांच्या मधील सुमारें २०५ चौरस किलोमीटरचें ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ सालीं जाहीर झालें. वन्य प्राण्यांच्या रक्षणास माझा विरोध नाहीं; परंतु प्रत्येक बंद झालेल्या वाटेबरोबर तोच कळप उरलेल्या माळावर अधिक दाटीनें उभा राहिला. शासनाच्या महामेष योजनेंतून मेंढपाळास वीस मेंढ्या व एक नर अनुदानावर मिळतो. हेतु चांगला आहे. पण एकवीस तोंडें वाढलीं तेथें एक पेंढी गवत वाढविण्याची तजवीजही त्याबरोबर हवी.

गवताळ माळ म्हणजे बिघडलेलें जंगल, हीही एक समजूत आहे. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयांतील व लोकगीतांतील झाडाझुडुपांचे उल्लेख तपासले गेले. त्यांवरून पश्चिम महाराष्ट्रांतील माळ साडेसातशें वर्षांपूर्वींही माळच होते, असें दिसून आलें. म्हणजे मेंढपाळानें जंगल खाऊन माळ केला, हा आरोप सरसकट टिकत नाहीं. माळाचा मुरूम होणें हा अपराध खरा आहे, आणि तो अलीकडचा आहे. त्यांत आपण सर्व भागीदार आहों.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, २२ व्या कलमान्वयें गांवच्या गुरांच्या चराईसाठीं जमीन राखून ठेवतां येते. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणांत गांवच्या सामाईक जमिनींवरील बेकायदेशीर कबजे दूर करण्याविषयीं सर्व राज्यांस आदेश दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमांत, स्थायिक असोत वा फिरते, चराईचे हक्क मान्य केलेले आहेत. मात्र आदिवासी नसलेल्या अर्जदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वींच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. ज्याचा आजा वाडा पाठीवर घेऊन हिंडला, त्यानें पाऊणशें वर्षांचा कागद आणावा कोठून? अशा कुटुंबांचे अर्ज विनामोबदला लिहून देण्याचें काम मीं व माझ्या कांहीं वकील मित्रांनीं पत्करिलें आहे.

व्यापारी मंडळींस मी एक हिशेबाची गोष्ट सांगतों. २०१८ सालीं या जिल्ह्यांत शासन व भारतीय जैन संघटना यांनीं धरणें व तलाव यांतील गाळ काढण्याचें मोठें काम हातीं घेतलें. काम स्तुत्य झालें, आणि गाळानें कित्येक शेतें सुपीक झालीं. परंतु तो गाळ आला कोठून? तो वरच्या उघड्या माळांवरून आला. माळ उघडा राहिला तर तोच तलाव पुन्हां भरेल, आणि तीच वर्गणी पुन्हां मागावी लागेल. थेंबें थेंबें तळें सांचतें, तसा कणाकणानें गाळही सांचतो. वर गवत राखणें हें खालीं गाळ उपसण्यापेक्षां स्वस्त आहे.

यास्तव समितीची योजना अशी आहे.

पहिली गोष्ट, सव्वा महिन्याचा चारा. पहिल्या पावसापासून गवत मूळ धरीपर्यंत कळप वाड्यांत बांधून ठेवावयाचा आणि तेथेंच त्याला सुका चारा द्यावयाचा. एका मेंढीस दिवसास अदमासें एक किलो सुका चारा लागतो; सव्वा महिन्यास चाळीस किलो धरा. पन्नास मेंढ्यांच्या कळपास वीस क्विंटल झाला. तुरीचें व हरभऱ्याचें कुटार शेळ्यामेंढ्या आवडीनें खातात. हंगामांत तें स्वस्त असतें. व्यापाऱ्यांनीं तें त्या वेळीं घेऊन आपल्या गोदामाच्या एका कोपऱ्यांत ठेवावें, ही विनंती. हा चारा नुसत्या मेंढीचा जीव वांचविण्यासाठीं नाहीं. त्या चाऱ्यानें आपण माळासाठीं विसांवा विकत घेत आहों.

दुसरी गोष्ट, वेळींच खरेदी. पाऊस अपुरा ठरला कीं संक्रांतीपूर्वींच समितीनें नर व म्हाताऱ्या मेंढ्या रास्त भावानें विकल्या जातील अशी व्यवस्था करावी. चांगल्या भावानें कळप अर्धा झाला, तर पेढीही राहील आणि माळही राहील.

तिसरी गोष्ट, माळाची पाळी. ज्या गांवची ग्रामसभा ठराव करील, तेथें ई-क्लास जमिनीचे तीन भाग करून दर वर्षीं एक भाग बंद ठेवावा, आणि त्यांत पवन्या व मारवेल यांचें बीं टाकावें. कोणता भाग केव्हां बंद ठेवावयाचा हें मेंढपाळांच्या पंचांनींच ठरवावें; त्यांचे दोन पंच समितींत घ्यावेत असा ठराव मी आज मांडणार आहें. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना विचारल्यावांचून घातलेलें कुंपण एका रात्रींत मोडतें.

चौथी गोष्ट जमीनदार बंधूंसाठीं आहे. पीक निघाल्यावर निदान एका शेतांत पूर्वींप्रमाणें मेंढरें बसवावीं. धान्य द्यावें, खत घ्यावें. यांत दानही नाहीं आणि उपकारही नाहीं. हा जुना व्यवहार आहे आणि तो दोघांच्याही फायद्याचा आहे. आणि ज्यांच्या बांधापलीकडे ई-क्लासचा तुकडा आहे, त्यांनीं आपला नांगर बांधाच्या आंत ठेवावा. यापेक्षां मोठी वर्गणी मी कोणाकडून मागणार नाहीं.

१८९९ व १९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडांत गुरांचा संहार झाला. १९७२ च्या दुष्काळांत रोजगाराच्या कामांनीं माणसें वांचलीं, आणि त्या अनुभवांतून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. माणसास काम द्यावें हें त्या वेळीं आपण शिकलों. जमिनीस विसांवा द्यावा, हें अजून शिकावयाचें आहे.

ज्या दात्यांनीं अट घातली आहे त्यांच्याविषयीं माझ्या मनांत अनादर नाहीं. उजाड डोंगर पाहून त्यांना वाईट वाटलें, म्हणून त्यांनीं ती अट लिहिली. तेंच वाईट वाटणें मी आज त्यांच्यापाशीं दुसऱ्या कामासाठीं मागत आहें. त्यांची रक्कम त्यांच्या इच्छेप्रमाणेंच खर्च होईल. परंतु त्यांची मर्जी असेल, तर वर्गणीच्या पावतीवर एवढेंच लिहून द्यावें: "सव्वा महिन्याच्या चाऱ्यासाठीं." त्या खात्याचा जमाखर्च समिती निराळा ठेवील, निराळा छापील, आणि पुढल्या सभेंत कोणता माळ राखला गेला हें दात्यांस प्रत्यक्ष नेऊन दाखवील.